उदाहरणाची जागा

“ही ओळ मी लावणार नाही.”

होनराव मालक बशीत चहा ओतत होते. बशी तशीच धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. “कुठली ओळ?”

“ही.” मी कागद त्यांच्यापुढे टाकला. “बाकी पान लावून झालंय. तेवढीच राहिलीय.”

मालकांना मनात वाचता यायचं नाही, वाचायचं म्हणजे मोठ्यानंच. “विकृती. स्त्रीलिंगी नाम. एक, मूळ रूपात झालेला बदल. उदाहरणार्थ, दही ही दुधाची विकृती आहे. दोन, बिघाड, रोग. उदाहरणार्थ, पित्ताची विकृती. तीन, शरीरातला जन्मजात दोष, व्यंग. उदाहरणार्थ, हाताला सहा बोटे...”

तिथं ते थांबले. नजर माझ्या डाव्या हातावर गेली आणि झटकन बशीकडे वळली.

मला डाव्या हाताला दोन अंगठे आहेत. एक सगळ्यांसारखा. त्याला चिकटून दुसरा, भुईमुगाच्या शेंगेएवढा, पण नख असलेला, वाकणारा, धरणारा. हे सांगताना मला कधी लाज वाटली नाही, लहानपणची दोन वर्षं सोडली तर. त्या दोन वर्षांचीच ही गोष्ट आहे म्हणा.

साल अठ्ठ्याहत्तर. मी सत्तावीस वर्षांची होते आणि कराडच्या एका प्रेसमध्ये जुळारी होते. बायामाणसं तेव्हा प्रेसमध्ये कागदाच्या घड्या घालायची, पुस्तकं शिवायची. खिळे जुळवणारी बाई गावात मी एकटीच. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. डाव्या हातात लोखंडाची पट्टी धरायची, उजव्या हातानं खान्यातलं एकेक अक्षर उचलून तिच्यात उभं करायचं, आणि डाव्या अंगठ्यानं शेवटचं अक्षर दाबून धरायचं. अंगठा हलला की अख्खी ओळ सांडली. माझी ओळ पाच वर्षांत एकदाही सांडली नव्हती. एक अंगठा दमला की दुसरा होताच. म्हणूनच तर हे शब्दकोशाचं काम, मुंगीएवढ्या अक्षरांचं, मालकांनी माझ्याकडे दिलं होतं.

“अगं अनसूया, हे काय तुला उद्देशून आहे का?” मालक म्हणाले.

“आता नाही. सतरा वर्षांपूर्वी होतं.”

“म्हणजे?”

म्हणजे असं. मी पाचवीत असताना शाळेत नवा कोश आला होता. अष्टपुत्रे पंतांचा शालेय शब्दार्थकोश, पहिली आवृत्ती. आता आम्ही छापत होतो ती दुसरी. बदामे मास्तर त्याला खाकी कव्हर घालून देवासारखा टेबलावर ठेवायचे आणि रोज त्यातला एक शब्द काढायचे. एक दिवस हा निघाला. दही झालं, पित्त झालं. तिसऱ्या अर्थाला मास्तरांचा चेहरा खुलला. इतकं तयार उदाहरण त्यांना जन्मात मिळालं नव्हतं.

“कासार, उभी राहा. डावा हात वर कर. नीट वर. मागच्यांना दिसू दे.”

मी हात वर केला. मला वाटलं, आता मास्तर काहीतरी चांगलं सांगणार. शपथेवर सांगते, मी हसत उभी होते. मग सगळा वर्ग हसला तेव्हा कळलं. मास्तरांनी फळ्यावर शब्द लिहिला, पोरांनी वहीत उतरवून घेतला, आणि तोवर मी हात वर धरून उभी.

त्या दिवसापासून हजेरीत तेवढी मी अनसूया. बाकी दिवसभर विकृती. ‘ए विकृती, पाणी दे.’ ‘विकृती आली, सरका.’ आमचं बांगड्यांचं दुकान. घरी येऊन मी रडले तर दादा, म्हणजे माझे वडील, बांगड्यांचे तोडे लावत म्हणाले, “तुझ्या मास्तराला सांग, माझ्या पोरीचा हात बघायचा तर दुकानात ये. फुकट दाखवतो. आणि मग तूच त्याला बांगड्या भर.” मी हसले, पण सातवीनंतर शाळेत गेले नाही. दादांनीही फार आग्रह केला नाही. पुढं इस्लामपूरचं एक स्थळ आलं. त्यांची एकच अट, लग्नाआधी तो अंगठा काढून घ्यायचा, डॉक्टर दहा मिनिटांत काढतो म्हणे. मी म्हटलं, “नवऱ्या मुलाचं नाक पण जरा लांब आहे. एकाच फेरीत दोन्ही उरकू.” स्थळ चहा न पिताच गेलं.

हे सगळं मालकांना सांगत बसले नाही. एवढंच म्हटलं, “शाळेत मला या ओळीवरून हात वर करून उभं केलं होतं. तीच ओळ मी माझ्या हातानं लावू? जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत जाणार हे पुस्तक. पाच हजार प्रती. कुठल्या तरी वर्गात कुणीतरी सहा बोटांचं असणारच की.”

“पंतांना मी काय सांगू?”

“मी म्हणते म्हणून सांगा.”

“तू म्हणतेस म्हणून!” बशी आपटली. “जूनच्या आत पुस्तक शाळांत पोचलं पाहिजे. दुसरा जुळारी लग्नाला गेलाय, आठ दिवस येत नाही. उद्या पंत स्वतः येणार आहेत. त्यांच्यासमोर ती ओळ लाव, नाहीतर परवापासून दुसरीकडे काम बघ. गावात दुसरा कुठला प्रेस बाईला उभं करतो ते बघतोच मी.”

कुठलाच करत नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. दादा जाऊन तीन वर्षं झाली होती. दुकानात आई बसायची, पण डोळ्यांना नीट दिसत नव्हतं तिच्या. आणि खरं सांगायचं तर आईचं नंतर. मला ते कामच आवडायचं. उलटी अक्षरं वाचता येणं, ओळ घट्ट बसली की येणारा तो बारीक आवाज. ते सुटलं असतं तर मी काय केलं असतं, मला सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंत आले. सत्तरीचे, काळी टोपी, छत्री, बगलेत कोशाची जुनी प्रत. तिच्यावरच लाल शाईनं दुरुस्त्या करून ते आम्हाला मजकूर पाठवायचे. मला ते आजवर फक्त लाल शाईतूनच माहीत होते. माझ्या खान्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “अनसूयाबाई तुम्हीच? तुमची काही हरकत आहे असं कळलं.”

मी डावा हात पुढं केला. त्यांनी चष्म्यातून नीट बघितलं. ओशाळले, पण थोडंच.

“व्यक्तीला उद्देशून नाही हो ते. आणि शब्दही वाईट नाही. उलट फार सुंदर शब्द आहे.” खरंच त्यांचा चेहरा उजळला. “वेदपठणात आठ विकृती असतात, ठाऊक आहे? जटा, माला, शिखा, अशा. मंत्रातली पदं उलटसुलट गुंफून म्हणायची. ज्याला जमतं त्याला मोठा मान. साठ संवत्सरांत एका वर्षाचं नावच विकृती आहे. गणित केलं तर... तुमचा जन्म कधीचा?”

“पन्नासचा. दिवाळीतला.”

“बघा! शके अठराशे बहात्तर. विकृतीनाम संवत्सर! तुमच्याच सालाचं नाव.”

“अगं बाई,” मी म्हटलं, “मग बदामे मास्तरांनी हे का नाही सांगितलं वर्गात?”

“कोण बदामे?”

मग त्यांना मात्र मी सगळं सांगितलं. हात वर करण्यापासून. पंत ऐकत होते, मधे एकदा त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

“वाईट झालं,” ते म्हणाले. “पण तो त्या मास्तरांचा दोष. कोशकार अर्थ बनवत नाही बाई, लोक जो वापरतात तो नोंदवतो.”

“लोक वापरतच नव्हते, पंत! आमच्या वर्गात एकाला हा शब्द माहीत नव्हता. त्याआधी पोरं मला दोनअंगठी म्हणायची, मी त्यांना बुक्के मारायची, मिटत होतं. विकृती हे तुमच्या कोशातून निघालं, मग लोकांनी वापरलं. आधी तुम्ही छापलंत.”

मालक मागून “अनसूया!” म्हणून ओरडले. पंतांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“बरं, मग दुसरं उदाहरण सुचवा. मी बदलतो.”

“दुसरं काय? तिरळा डोळा? कुबड? फाटका ओठ? म्हणजे माझ्या जागी दुसरं कुणीतरी उभं राहणार. उदाहरणच नको. दह्याचं ठेवा, पित्ताचं ठेवा. दह्याला काय लाज वाटत नाही.”

“ते नाही जमायचं.” आता पंतही ताठ झाले. “या कोशात साडेअकरा हजार शब्द आहेत. उदाहरणाशिवाय एक अर्थ नाही. एक नाही! ती या ग्रंथाची प्रतिज्ञा आहे, प्रस्तावनेत लिहिलेली. तुमच्यासाठी ती मोडू?”

मालक माझ्याकडे बघत होते. खिडकीतून घाटावरच्या देवळाची घंटा ऐकू येत होती. शेवटी मी पट्टी उचलली.

लावली ती ओळ. ‘हाताला सहा बोटे असणे.’ चार शब्द. दुसऱ्या अंगठ्यानं घट्ट दाबून धरली, कारण सवयच तशी. पंत तिथंच खुर्चीवर बसले. पानाचा कच्चा छाप काढून दिला, त्यांनी वाचला, खाली लाल शाईत ‘छापा’ असं लिहून सही ठोकली. मग तो कागद उजेडाकडे धरून मनापासून म्हणाले, “किती स्वच्छ जुळवलंय! एक अक्षर वाकडं नाही. या हातात कला आहे हो, होनराव.”

या हातात! त्याच पानावर त्या हाताला काय म्हटलंय ते आत्ताच वाचलं होतं त्यांनी. रागानं माझे कान तापले. ते शिव्या देऊन गेले असते तरी चाललं असतं मला.

सोळा पानं चौकटीत कसून मशीनवर चढवायची जबाबदारी मौलाचाचांची. पन्नाशीचे, पांढरी टोपी, मशीनशी बोलत काम करणारे. दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकट चढवली, शाई लावली, आणि म्हणाले, “पोरी, शेवटी नमलीस?”

“नोकरीसाठी नमले.”

“हं,” चाचा म्हणाले. “नोकरी मोठी असते.” तेवढंच बोलले, पण मला ते दिवसभर पुरलं असतं.

एवढ्यात मालक जेवायला घरी गेले. बाहेर रखरखीत ऊन. प्रेसमध्ये मी, चाचा आणि ती सोळा पानं. मी चौकटीची चावी उचलली.

“चाचा, तुम्हाला जेवायचं नाही का?”

चाचांनी माझ्या हातातली चावी बघितली. मग डोळ्यांवरचा चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला. “डबा तर आहे,” ते म्हणाले. “बाहेर निंबाखाली खातो. चष्म्याशिवाय मला तसंही काही दिसत नाही.”

मी चौकट आवळणारी कळ ढिली केली. मजकुरातली अक्षरं काढायची तर तिथं तेवढ्याच रुंदीचे कोरे खिळे भरावे लागतात, नाहीतर अख्खं पान ढिलं होऊन सांडतं. चार शब्द चिमट्यानं उचलले. जागेवर कोरे खिळे बसवले, शेवटचा दुसऱ्या अंगठ्यानं रेटून. ‘उदा.’ तेवढं तसंच ठेवलं. ते काढायचं माझ्या मनात आलं नाही असं नाही, पण मुद्दाम ठेवलं. दिसू दे ना, इथं काहीतरी होतं ते! मग कळ कसली, चावी जागेवर ठेवली आणि बाहेर जाऊन चाचांची अर्धी भाकरी खाल्ली.

पाच हजार कागद दोन दिवसांत छापून झाले. मालकांना कळलं ते घड्या घालताना. कागद हातात घेऊन ते माझ्यापुढे आले.

“हे... हे कोणी केलं?”

“मी.”

“मौला कुठं होता?”

“जेवायला गेले होते. मी एकटीनं केलं.”

“पंतांनी सही केलेलं पान बदललंस तू! सही केलेलं! प्रेसचं नाव बुडवलंस! कागद सरकारी कोट्याचा, पुन्हा मिळायचा नाही. आता काय करू मी?”

“शुद्धिपत्र लावा,” मी म्हटलं. “पुस्तकाच्या शेवटी. पण ते मी जुळवणार नाही.”

“तू या दारात पुन्हा पाऊल ठेवायचं नाहीस!”

“नाही ठेवत.” मी एप्रन काढून खुंटीला लावला. दारातून वळून त्यांना अंगठा दाखवला. मग दुसराही. आता हसू येतं, पण तेव्हा घरी जाईपर्यंत मी रडत होते, आणि रडते म्हणून स्वतःलाच चार शिव्या घातल्या.

जूनमध्ये पुस्तक शाळांत गेलं. चाचांनी एक प्रत चोरून आणून दिली. मी आधी शेवटचं पान उघडलं. शुद्धिपत्रात तेवीस चुका होत्या. काना राहिलेला, वेलांटी चुकलेली. ती ओळ नव्हती. मला वाटलं, पंत विसरले. म्हातारं माणूस, साडेअकरा हजार शब्द, विसरायचंच. मालकांनी मुद्दाम दाखवलं नसेल असंही वाटलं. विचारायला कोण जाणार? मी दुकानात बसायला लागले. बांगड्या भरायला सुरुवातीला बायका बिचकायच्या, माझा हात बघून. मग एकीनं दुसरीला सांगितलं, हिच्या हातानं बांगडी कशी जाते ते कळतसुद्धा नाही. डाव्या हातानं गिऱ्हाइकाचा पंजा धरायचा, दोन अंगठ्यांनी त्याचं हाड दाबायचं, उजव्यानं सरकवायची. दादा असते तर म्हणाले असते, सांगत होतो की नाही?

कोशाचं काय झालं तेही कानावर यायचं. शाळेतली पोरं त्या रिकाम्या जागेत वाट्टेल ते लिहीत. चाचांच्या नातीच्या वर्गातल्या प्रतीत कुणीतरी ‘उदा.’च्या पुढं ‘गणिताचे सर’ असं लिहिलं होतं. मी पोट धरून हसले. वर्गात उभं राहायची पाळी शेवटी मास्तरावरच आली.

बत्तीस वर्षं गेली. प्रेस बंद पडला, चाचा गेले. दोन हजार दहाच्या वैशाखात एक साठीच्या बाई लेकीला घेऊन दुकानात आल्या, हिरवा चुडा भरायला. लेकीचं लग्न परवावर आलेलं. मी पोरीचा हात धरला तशा बाई एकदम म्हणाल्या, “तुम्ही पूर्वी प्रेसमध्ये होता का हो?”

“होते. का?”

“मी अष्टपुत्र्यांची मुलगी. बाबा सांगायचे, एका बाईला डाव्या हाताला दोन अंगठे होते, आणि तिनं माझ्या सहीवर पाणी ओतलं.”

माझा हात तिथंच थांबला. “शिव्या देत होते?”

“आधी देत होते. मालक दोनदा घरी आले, शुद्धिपत्रात ओळ घाला म्हणून. बाबा म्हणाले, थांबा, सांगतो. आणि सांगितलंच नाही. मग पुढच्या वर्षी तिसऱ्या आवृत्तीच्या दुरुस्त्या करायला बसले. ती काही निघाली नाही, बाबा त्याआधीच गेले. पण ती प्रत आहे माझ्याकडे. तुम्हाला हवी का?”

मी नको म्हटलं. खरंच म्हटलं. बत्तीस वर्षांनी कशाला हवी? पण बाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. लेकीला माझ्यापुढे बसवून रिक्षानं घरी गेल्या आणि अर्ध्या तासात पुस्तक घेऊन आल्या. पिवळी पडलेली पानं, जागोजाग लाल शाई. पान मला शोधावं लागलं नाही. पुस्तक तिथंच उघडलं.

दही. पित्त. तिसरा अर्थ. ‘उदा.’ आणि पुढं मी बसवलेल्या कोऱ्या जागेत, तेच टोकदार अक्षर:

‘पहिल्या आवृत्तीत या जागी छापलेले वाक्य.’

खाली त्यांची सही, आणि ‘छापा’.

मी दोनदा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं, मालकांसारखं. बाईंनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, “काही नाही. माझं एक पान लावायचं राहिलंय.” खरं तर मला त्या म्हाताऱ्याचा फार राग आला. जिवंतपणी दुकानाच्या पायरीवर येऊन हे बोलला असता तर मी त्याला बशीभर चहा पाजला असता, दोन शिव्याही घातल्या असत्या.

डोळे पदरानं पुसले आणि पुस्तक गल्ल्याच्या मागं, दादांच्या फोटोपाशी ठेवलं.

“दे गं हात,” मी पोरीला म्हटलं.

तिनं माझ्या डाव्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, “मावशी, दुखणार नाही ना?”

“या हातानं?” मी म्हटलं, आणि तिचा पंजा दोन्ही अंगठ्यांत धरला. एकवीस बांगड्या भरल्या. एकही पिचली नाही.